आवश्यकता-निश्चिती आणि प्रतिमाने : ‘ई-पीक पाहणी’च्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणक प्रणालीतील दोष बहुधा आज्ञावलीच्या लेखनात शोधले जातात. परंतु त्यांपैकी अनेकांचे मूळ प्रणालीने काय करावे हे ठरविण्याच्या टप्प्यात असते. शब्दांत मांडलेली आवश्यकता संदिग्ध राहते, म्हणून ती आकृतिबद्ध करण्याची पद्धत रूढ झाली. पीटर चेन यांचे घटक-संबंध प्रतिमान (१९७६), इव्हार जेकबसन यांची यूज केस संकल्पना आणि १९९७ मध्ये प्रमाणित झालेली युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज हे या वाटचालीतील प्रमुख टप्पे होत. अशा प्रतिमानांतून आवश्यकता तपासल्या जातात की नुसत्याच नोंदविल्या जातात, या प्रश्नाचा विचार महाराष्ट्र शासनाच्या ‘ई-पीक पाहणी’ या उपयोजनाच्या आधारे येथे केला आहे.

नियमातील नमुना आणि शिवारातील वास्तव

सातबारा हा गाव नमुना सात व बारा यांचा संयुक्त उतारा होय. नमुना बारामधील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून, पिकाच्या छायाचित्रासह ही नोंद करावी, अशी व्यवस्था सुरू झाली. कागदाच्या जागी भ्रमणध्वनी आला, हा बदल त्या मानाने लहान. नोंद करणारा कर्ताच बदलला, हा मोठा.

परभणी–जिंतूर मार्गावरील झरी येथील एखादा शेतकरी उदाहरणादाखल कल्पावा. त्याच्या सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक आहे. फोन मुलाच्या हाती आहे. घाईत गट क्रमांक चुकला आहे. एका क्षेत्रात पिके किती, हा वर्ग-आकृतीतील संख्याबंधाचा प्रश्न होय. चुकलेली नोंद मागे घेता येते काय, हा अवस्था-आकृतीतील परतीच्या बाणाचा, तर खातेदाराऐवजी दुसऱ्याने नोंद केल्यास काय, हा यूज केसमधील दुय्यम कर्त्याचा प्रश्न होय.

२०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय झाली, दुय्यम पिकांची मर्यादा दोनवरून तीनवर गेली आणि छायाचित्र घेतलेले ठिकाण संबंधित गटापासून किती दूर आहे, हे कळू लागले. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. तथापि त्या तंत्रज्ञानाच्या नव्या शोधातून आलेल्या नाहीत. आकृतीवर बोट ठेवून विचारता आले असते, अशाच प्रश्नांची ती उत्तरे आहेत.

पडताळणीच्या मर्यादा

बॅरी बोहम यांनी प्रणाली ठरल्याप्रमाणे बनली काय आणि जे ठरले ते योग्य होते काय, असे दोन प्रश्न वेगळे केले. प्रतिमान तपासणारी साधने आकृतीतील अंतर्गत विसंगती दाखवितात; परंतु जे आकृतीत आलेच नाही, त्याविषयी ती मौन पाळतात. नमुना बाराशी तंतोतंत जुळणारे प्रतिमान शिवाराशी जुळेलच असे नाही. ही उणीव तलाठी व शेतकरी यांनाच दिसू शकते, आणि तीही आकृती त्यांच्या भाषेत वाचून दाखविली तरच.

यावर, प्रणाली वापरातूनच सुधारते, असा आक्षेप घेतला जातो. कार्यालयीन प्रणालीबाबत तो बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. शेतीत मात्र दुरुस्तीची पुढची संधी पुढच्या हंगामात येते. नुकसानभरपाई, पीककर्ज व आधारभूत किमतीची खरेदी यांसाठी पीकनोंद पाहिली जाते. त्यामुळे सुटलेल्या एका आवश्यकतेची किंमत शेतकरी मोजतो, प्रणालीकार नव्हे.

निष्कर्ष

प्रतिमान हे कराराला जोडावयाचे परिशिष्ट नसून वापरकर्त्याला प्रश्न विचारण्याचे साधन आहे. महाविद्यालयीन प्रकल्पांत आकृत्या पुष्कळदा आज्ञावली पूर्ण झाल्यावर अहवालासाठी काढल्या जातात. हा क्रम उलटवून, विद्यार्थ्याने आकृती प्रथम संबंधित वापरकर्त्यासमोर वाचावी व त्याने सुचविलेले बदल अहवालात नोंदवावेत. मूल्यमापनात या नोंदींना गुण दिल्यास आवश्यकता-निश्चितीचे शिक्षण अर्थपूर्ण होईल.