पायरी आणि पाया : ई-पीक पाहणीच्या मार्गदर्शनपर लेखनाची समीक्षा

बीजशब्द : कृतिनिष्ठ लेखन, संकल्पनानिष्ठ लेखन, ई-पीक पाहणी, गाव नमुना बारा

प्रस्तावना

संगणकीय प्रणालीच्या वापराविषयीचे लेखन सामान्यतः दोन प्रकारचे असते. ‘काय करावे’ हे क्रमवार सांगणारे लेखन कृतिनिष्ठ होय, तर ‘ते तसे का करावे’ हे उलगडणारे लेखन संकल्पनानिष्ठ होय. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हापासून मराठीत अशा लेखनाची गरज मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली. त्या लेखनाचा वाचक वर्गात बसलेला होता आणि अडल्यास विचारण्यासाठी शिक्षक समोर होता. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी प्रकल्प राज्यभर लागू झाला आणि हा वाचक बदलला. आता तो शेताच्या बांधावर, हातात मोबाईल घेऊन, एकटा उभा आहे. त्याच्यासाठी झालेल्या मार्गदर्शनपर लेखनाचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कृतिनिष्ठ लेखनाची बाजू

जिल्हा, तालुका व गाव निवडा, खातेदाराचे नाव शोधा, गट क्रमांक निवडा, हंगाम निवडा, पिकाचे नाव व क्षेत्र भरा, छायाचित्र काढा. या विषयावरील बहुतांश लेखन अशा आज्ञार्थी वाक्यांचे बनलेले असते. त्यात ‘कारण’ हा शब्द क्वचितच आढळतो.

तथापि या पद्धतीस केवळ आळशीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकन अभ्यासक जॉन कॅरोल यांनी ‘द न्युर्नबर्ग फनेल’ (१९९०) या ग्रंथात दाखवून दिले की, नवशिका लांबलचक विवेचन वाचत बसत नाही. त्याला लगेच काहीतरी करून पाहायचे असते. म्हणून पुस्तिका आटोपशीर व कामाला भिडणारी असावी, असा त्यांचा आग्रह होता. पावसाची उघडीप साधून शेतात आलेल्या शेतकऱ्याला तो पूर्णपणे लागू पडतो.

कृतिनिष्ठ लेखनाची मर्यादा

पुणे–दौंड लोहमार्गावरील खुटबावसारखे उसाच्या पट्ट्यातील गाव घेतल्यास या पद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. ‘हंगाम निवडा’ ही सूचना बाजरी किंवा सोयाबीनसाठी पुरेशी आहे. परंतु पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस पुढील वर्षीच्या तोडणीपर्यंत शेतात उभा असतो. तो खरीप म्हणून नोंदवावा की ‘संपूर्ण वर्ष’ हा पर्याय निवडावा, याचे उत्तर पायऱ्यांच्या यादीत सापडत नाही. हंगाम हा रकाना पीक किती काळ जमीन व्यापते हे सांगण्यासाठी आहे, एवढे एक वाक्य लिहिले असते तर उत्तर शेतकऱ्यानेच काढले असते. उसात आंतरपीक घेतल्यास ‘निर्भेळ’ की ‘मिश्र’ हा प्रश्नही त्याच जातीचा होय.

दुसरी मर्यादा काळाची आहे. २०२२ मध्ये ॲपची सुधारित आवृत्ती आली आणि २०२४ च्या खरिपात डिजिटल क्रॉप सर्व्हेचे नवे ॲप आले. पडदे बदलले की जुन्या पायऱ्या निरुपयोगी होतात. ज्याने केवळ पायऱ्या पाठ केल्या त्याला दरवेळी नव्याने दुसऱ्याच्या दारी जावे लागते.

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये आधीच्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांसाठी दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपये अर्थसाहाय्य जाहीर केले, तेव्हा ई-पीक पाहणीतील नोंद हा पात्रतेचा आधार ठरला. ही अट पुढे शिथिल करण्यात आली. पण एका न समजलेल्या पडद्याची किंमत किती असू शकते, हे त्यातून दिसले.

कोणती संकल्पना शिकवावी?

याचा अर्थ शेतकऱ्यास संगणकशास्त्र शिकवावे असा नव्हे. किरास व बोव्हेर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत यंत्राची अंतर्गत रचना समजलेल्या व्यक्ती ते चालविण्याची कृती लवकर शिकल्या आणि ती त्यांच्या अधिक लक्षात राहिली. मात्र उपयोग झाला तो ज्या माहितीवरून कृतीचा तर्क करता येतो तेवढ्याच माहितीचा. सामान्य तत्त्वांचा नव्हे. हाच निकष येथे लावल्यास तीन संकल्पना पुरेशा वाटतात.

पहिली : सातबारा हे दोन नमुन्यांचे एकत्रित रूप आहे. नमुना सात हक्काचा, नमुना बारा पिकांचा. ॲपमधील नोंद बाराकडे जाते. तिने मालकी बदलत नाही. हे कळल्यावर भीती जाते आणि चूक झाल्यास ४८ तासांच्या मुदतीत दुरुस्ती करण्याची निकडही कळते.

दुसरी : छायाचित्रासोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात. छायाचित्र घरी किंवा शेजारच्या गटात का काढू नये, याचे वेगळे कलम मग लागत नाही.

तिसरी : स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून कळते, माहिती मात्र इंटरनेटवरून जाते. शेतात ‘रेंज’ नसताना नेमके काय अडले आहे, हे यावरून ओळखता येते.

निष्कर्ष

कॅरोल यांचा आटोपशीरपणाचा आग्रह आणि संकल्पनेची गरज यांत विरोध मानण्याचे कारण नाही. वरील तिन्ही संकल्पना मिळून अर्धे पानही व्यापत नाहीत. त्या स्वतंत्र प्रकरणात न कोंबता, ज्या पायरीवर वाचक अडखळतो त्याच पायरीशी ‘कारण’ या शब्दाने जोडल्या पाहिजेत. महसुली नमुने, गट, हंगाम, बांध या संकल्पना शेतकऱ्याला नव्या नाहीत. लेखकापेक्षा त्यालाच त्या अधिक अवगत आहेत. मार्गदर्शनपर लेखनाने त्याच्या या ज्ञानाशी पडद्याचा सांधा जुळविण्याचे काम केलेले नाही. तो सांधा जुळला, तर पुढचे ॲप आले तरी वाचक पुन्हा पहिल्या पायरीवर येणार नाही.