फ्रॉइड, हॉफमन आणि मी न वाचलेली कथा

‘भयकथा आणि बालपण’ असा विषय घेऊन तुम्ही कोणाकडेही गेलात, तर पहिला सल्ला हाच मिळतो: फ्रॉइडचा १९१९ चा ‘अनकॅनी’ निबंध वाच. सल्ला बरोबरच आहे, मीही तो पाळला. गडबड त्यानंतर झाली. या निबंधात फ्रॉइड ई. टी. ए. हॉफमन या जर्मन लेखकाच्या ‘सँडमॅन’ (१८१६) या कथेचा सारांश देतो. तो सारांश मी माझ्या शब्दांत चॅप्टरमध्ये उतरवला. गाईडनी एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, “हे कथेत कुठे आहे?” मी कथा उघडून बघितली. नव्हतं.

ते वाक्य कोणतं, ते पुढे येईलच. आधी कथेकडे वळू.

नाथानाएल लहान असताना काही रात्री नऊ वाजले की आई मुलांना झोपायला पिटाळते: चला, सँडमॅन आला. मग जिन्यात जड पावलं वाजतात. हा सँडमॅन कोण, असं त्याने विचारल्यावर आई म्हणते, कोणी नाही रे, तुमचे डोळे पेंगुळलेत, कोणी वाळू टाकल्यासारखे मिटतायत, एवढाच त्याचा अर्थ. पण धाकट्या बहिणीला सांभाळणारी म्हातारी वेगळंच सांगते. न झोपणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत तो मूठभर वाळू फेकतो, डोळे रक्तबंबाळ होऊन बाहेर येतात आणि ते तो चंद्रावरच्या आपल्या पिल्लांना खायला नेतो. आपल्याकडच्या बागुलबुवाला एवढा तपशील कधी मिळाला नाही! आईसाठी जी नुसती बोलण्याची पद्धत आहे, तिला म्हातारी चेहरा, भूक आणि पोरंबाळं देते. मुलाची कल्पनाशक्ती अर्थातच म्हातारीच्या बाजूने उभी राहते.

एका रात्री तो वडिलांच्या खोलीत लपून बघतो, तर जिन्यातली पावलं वकील कोपेलिउसची निघतात. इथे तुम्ही थांबावं असं मला वाटतं. हा माणूस अधूनमधून घरी जेवायला येणारा. मुलांच्या ताटलीत आईने हळूच गोड काही ठेवलं, की तो आपल्या केसाळ हातांनी मुद्दाम त्याला स्पर्श करतो. मुलांना ते मग खाववत नाही आणि त्याला मजा वाटते. आईला तो आवडत नाही, तो आला की तिचा चेहरा उतरतो. वडील मात्र त्याची मर्जी सांभाळत बसतात, त्याच्या आवडीचे पदार्थ करायला लावतात. मला हे चंद्रावरच्या पिल्लांपेक्षा जास्त भयंकर वाटतं. समोर घडतंय, सगळ्यांना दिसतंय, आणि घरातलं मोठं माणूस काहीही बोलत नाही.

फ्रॉइडच्या सारांशात ही ताटली नाही. मुलं कोपेलिउसला घाबरायची, एवढंच तिथे आहे. कारण त्याला पोचायचंय दुसरीकडे: डोळे जाण्याची भीती म्हणजे लिंगच्छेदाची भीती, आणि कोपेलिउस म्हणजे वाईट बाप, तर डोळे वाचवण्यासाठी गयावया करणारा खरा बाप चांगला. ताटली आणली की ही विभागणी डळमळते. चांगला बाप त्याच टेबलावर गप्प बसलेला असतो. ही गाळणी फ्रॉइडने मुद्दाम केली असं मी म्हणत नाही. थिअरी डोक्यात पक्की असली की सारांश आपोआप तिच्या मापाचा होतो, माझाही झाला.

आता ते वाक्य. कथेच्या शेवटी मोठा झालेला नाथानाएल वाग्दत्त वधू क्लाराबरोबर मनोऱ्यावर चढतो. क्लारा दूरवर हलणारं काहीतरी दाखवते, तो खिशातली दुर्बीण काढतो आणि त्याला वेडाचा झटका येतो. मी लिहिलं होतं: दुर्बिणीतून त्याला कोपेलिउस दिसतो आणि तो वेडा होतो. फ्रॉइडही हेच म्हणतो, पण ‘असं समजायला हरकत नाही’ अशा सुरात. माझ्या चॅप्टरमध्ये त्याचं गृहीतक सरळ घटना होऊन बसलं. हॉफमनच्या मजकुरात नाथानाएल बाजूला बघतो आणि दुर्बिणीसमोर असते क्लारा. कोपेलिउस नंतर, खाली जमलेल्या गर्दीत दिसतो आणि त्याला पाहून नाथानाएल खाली उडी टाकतो.

हा फरक किरकोळ नाही. मधल्या भागात नाथानाएलने क्लाराला एक कविता वाचून दाखवलेली असते. तिच्यात कोपेलिउस क्लाराच्या डोळ्यांना हात लावतो आणि शेवटी तिच्या डोळ्यांतून मृत्यू बघत असतो. क्लारा म्हणते, जाळून टाक हे. तो चिडून तिलाच निर्जीव यंत्र म्हणतो, आणि पुढे खऱ्याखुऱ्या यंत्राच्या, ओलिंपिया नावाच्या बाहुलीच्या, प्रेमात पडतो. म्हणजे मनोऱ्यावर दुर्बिणीत जे दिसतं, ते त्याने स्वतःच आधी लिहून ठेवलेलं असावं, असं वाचता येतं. म्हातारीने सुरू केलेली गोष्ट आता तो स्वतः रचतोय. फ्रॉइडच्या सारांशात क्लारा जवळजवळ नाहीच. तिचं पत्रही नाही, ज्यात ती शांतपणे लिहिते की ही भीती तुझ्या मनात आहे. एलेन सिक्सूने १९७२ मध्ये फ्रॉइडच्या याच काटछाटीवर लिहिलंय. माझ्यासारखं उशिरा वाचू नका.

आणखी एक गोष्ट, जी सिनॉप्सिस लिहिताना सहज निसटते. बालपणाचा हा सगळा भाग एका मोठ्या माणसाच्या पत्रात आहे, आणि पत्र लोथारसाठी लिहिलेलं असूनही त्यावर पत्ता क्लाराचा पडलाय. तेव्हा ‘मुलाची भीती’ असं लिहिण्याआधी, ती कोण आठवतोय आणि कोणाला सांगतोय, हे विचारा. आरआरसीत हा प्रश्न येतोच.

फ्रॉइडला मी चॅप्टरमधून काढलेलं नाही. पण चॅप्टर आता ताटलीपासून सुरू होतो, आणि फ्रॉइड अकराव्या पानावर येतो.