न पाडता बांधणे

इमारतीचे मोल तिच्या दर्शनी भागावरून ठरविण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. आन लाकातों आणि झाँ-फिलिप वासाल या फ्रेंच वास्तुविशारदांच्या कामाला तीच मोजपट्टी लावली, तर पदरी निराशा येण्याचाच संभव अधिक. १९८७ साली दोघांनी मिळून आपली संस्था स्थापन केली आणि २०२१ साली त्यांना वास्तुकलेतील मानाचे प्रित्झकर पारितोषिक लाभले. जे उभे आहे ते पाडू नये, त्यात भर घालावी, हे त्यांचे सूत्र. या सूत्राचा विचार आपणही करावा, असे आम्हांस वाटते.

१९९६ साली बोर्दो शहरातील एक लहानसा चौक सुशोभित करण्याचे काम त्यांच्याकडे आले. ते तेथे वेळ काढून बसले, रहिवाशांशी बोलले आणि चौक मुळातच सुंदर आहे, या निष्कर्षाला आले. झाडांची निगा राखावी, खडी बदलावी, वाहतुकीत किरकोळ सुधारणा करावी, एवढेच त्यांनी सुचविले. आपल्या हातून काही घडावे हा मोह कलावंताला आवरत नाही. येथे तो आवरला गेला. या संयमाला आम्ही निर्मितीच मानतो.

त्याच शहरातील ग्राँ पार्क वसाहतीत १९६०च्या दशकातील तीन इमारती होत्या आणि त्यांत ५३० घरे. फ्रेदेरिक द्रुओ व क्रिस्तोफ ह्युताँ यांच्या सहकार्याने त्यांनी या इमारतींना बाहेरून सुमारे पावणेचार मीटर रुंदीचा नवा थर जोडला. लहान खिडक्यांच्या जागी मोठी दारे आली आणि प्रत्येक घराला प्रकाशाने भरलेली प्रशस्त पडवी लाभली. काम चालू असताना रहिवाशांना घर सोडावे लागले नाही. भाडेही स्थिर राहिले. २०१९ साली या कामास युरोपीय संघाचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला.

उणिवा नाहीत असे नाही. अर्धपारदर्शक प्लास्टिकचे पत्रे आणि उघडे लोखंड यांमुळे त्यांच्या काही वास्तू रोपवाटिकेसारख्या भासतात. प्रार्थनेसाठी नजर वर उचलणाऱ्या मनाला ही काटकसर कोरडी वाटेल. आमच्या उष्ण, पावसाळी कोकणात तसे पत्रे जसेच्या तसे चालणारही नाहीत. शिवाय जी भिंत खरोखरच धोकादायक झाली आहे, ती केवळ तत्त्वासाठी राखणे हा शहाणपणा नव्हे.

तरीही त्यांच्या कामाचा क्रम आम्हांस मोलाचा वाटतो: आधी माणसांना विचारावे, मग आहे ते मोजावे आणि शेवटी कागदावर रेघ ओढावी. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात नगररचनेत रहिवाशांचे मत घेण्याचा आग्रह धरला आहे. आपल्या धर्मग्रामांत मात्र पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. नव्या मंदिराचे चित्र आधी भिंतीवर लागते आणि ज्या फरशीवर तीन पिढ्यांनी गुडघे टेकले, तिचा विचार मागाहून होतो, किंवा होतच नाही. संत पेत्राने श्रद्धावंतांना जिवंत धोंडे म्हटले आहे. इमारतीविषयीचा निर्णय घेताना या जिवंत धोंड्यांना एक शब्द विचारण्यास फारसा खर्च येत नाही. न विचारता पाडलेले मात्र कितीही खर्च केला तरी परत उभे राहत नाही.