नाक्यावर मोठी झालेली मुले

गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत मुलगा वयात येऊ लागला की पहिला प्रश्न जागेचा असतो. थोरल्या भावाचे लग्न झाले की धाकट्याची वळकटी गॅलरीत जाते आणि गॅलरीतून तो नाक्यावर येतो. मिसरूड फुटताना जे काही कळायचे ते त्याला तिथेच कळते. या मुलांविषयी मराठी कथेने जे मोलाचे लिहिले ते नाक्याच्या आसपासच घुटमळते, यात नवल नाही. नवल आहे ते आपल्या समीक्षेचे. तिने या कथांची चर्चा बहुतेक वेळा अश्लीलतेपाशी सुरू केली आणि तिथेच संपवली. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर १९६५ नंतर हेच झाले. आचार्य अत्र्यांसारख्यांनी त्या पुस्तकावर तोफ डागली आणि बाजू घेणारेही मग भाषेचीच वकिली करत राहिले. त्या मुलांचे वय काय, हा प्रश्न मागे पडला.

‘वासूनाका’ला कादंबरी म्हणा की एकमेकींत गुंतलेल्या कथा म्हणा. पोक्या सांगत जातो, आपण ऐकत जातो. मी ते सोळाव्या वर्षी वर्तमानपत्राचे कव्हर घालून वाचले होते आणि खरे सांगायचे तर चुकीच्या पानांसाठी वाचले होते. पुढे पुन्हा वाचताना जाणवले, की पोक्याच्या बढाईखाली भीती आहे. त्याला एकट्याने काही वाटून घेण्याची मुभाच नाही. एखादी मुलगी मनात भरली तरी ती आधी नाक्याच्या मालकीची होते, तिच्यावर शेरे होतात आणि मग त्या शेऱ्यांतून जे उरेल ते त्याचे. शिवी ही त्याची भाषा आहे, कारण हळवेपणा बोलायला त्याला दुसरी भाषा मिळालेली नाही.

जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’ची इथे आठवण होते. आयर्लंडच्या राजधानीतल्या पंधरा कथांचा हा संग्रह. प्रकाशक आणि छापखानेवाले शब्दांवर अडून बसल्याने तोही कित्येक वर्षे रखडला आणि १९१४ साली बाहेर आला. त्यातल्या ‘ॲराबी’ या कथेत एका मुलाला शेजारच्या मुलीसाठी बाजारातून भेट आणायची आहे. काका उशिरा घरी येतो, पैसे उशिरा मिळतात, मुलगा पोहोचतो तेव्हा बाजारातले दिवे मालवत असतात. एवढीच गोष्ट. पण अंधारात उभ्या त्या मुलाला स्वतःची फजिती एकट्याला कळते, आणि त्या क्षणी तो मोठा होतो. पोक्याला हा एकांत मिळत नाही. त्याची फजिती झाली तर आधी चौघे हसतात, मग तोही हसतो. ‘वासूनाका’त मुले मोठी होत नाहीत, नुसती वयाने वाढतात. हा पाध्यांचा दोष म्हणून दाखवला जातो. मला ते त्यांचे सर्वांत अचूक निरीक्षण वाटते.

पाध्ये लिहीत होते तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते. परळ-लालबागचा पोरगा कितीही उंडारला तरी शेवटी बदली कामगार म्हणून गेटवर उभा राहील, ही घरच्यांची खात्री होती. तीच त्याच्या मोठेपणाची पावती. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हा दरवाजा कायमचा लागला. नाका राहिला, नाक्यावरून पुढे जाण्याची वाट गेली. जयंत पवार यांचे लेखन इथून सुरू होते. १९९७ च्या ‘अधांतर’ नाटकातल्या घरात तरुण मुलगे आहेत, पण कामावर जाणारा मुलगा ही गोष्टच उरलेली नाही.

‘वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा’ ही त्यांची कथा याच्याही पुढची. शीर्षकातच पोरांच्या खेळातला ठेका आहे, आणि अर्थ पाहिला तर खेळ नाही. पवार २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेले. पुढच्या जानेवारीत कथेवरचा महेश मांजरेकरांचा चित्रपट आला आणि झलक पाहूनच गदारोळ झाला. पडद्यावर अल्पवयीन मुलांना काय करायला लावावे, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तो चित्रपटावरचा आहे, कथेवरचा नव्हे, एवढे मात्र आपल्याकडे कुणी वेगळे केले नाही.

त्या चित्रपटात दिग्या आणि इलियास असे दोन दोस्त आहेत. इलियास गुन्हेगारीत जातो म्हणून आपल्यातले काही वाचक नाराज होतील. मी नाराज नाही. मराठी कथेत मुस्लिम मुलगा बहुधा दंगलीपुरता येतो, मार खाणारा नाही तर मारणारा. इथे तो त्याच गल्लीतला, त्याच बेकारीतला, दिग्याइतकाच वाईट आणि दिग्याइतकाच पोरका आहे. गिरण्यांच्या विणखात्यात मोमीन विणकर पिढ्यान्पिढ्या होते. संपाने त्यांचीही घरे बसवली. त्यांचा पोरगा कथेत इतक्या उशिरा यावा, हीच खरी तक्रार.

आणि मुली? पाध्यांना त्या नाक्यावरून दिसतात, म्हणजे जाता-येता. जॉइसची एकोणीस वर्षांची एव्हलिन घर सोडायला निघते आणि बोटीजवळ थिजून उभी राहते, निदान तिचे मन आपल्याला आतून कळते. चाळीतल्या मुलीला नाकाही मिळाला नाही. ती कुठे मोठी झाली, सार्वजनिक नळावर, जिन्यात, माळ्यावर? संपाच्या वर्षी मदनपुऱ्यात सातवीत असलेली मुलगी आज पन्नाशी ओलांडून गेली असेल. वडिलांचा पगार थांबल्यावर आधी कोणाची शाळा सुटली, हे ती सांगू शकेल. तिला मराठी येते.