अस्सल कागद आणि कोवळे वाचक

इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. एकेका दप्तरासाठी त्यांनी केलेली पायपीट आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. आज तसली साधने, सरकारी गॅझेटियरे, जुने नकाशे, सारे घरबसल्या मोबाइलच्या पडद्यावर उघडते. कर्जत-खालापूरच्या एखाद्या वाडीवरच्या मुलालाही, रेंज मिळाली तर, दीडशे वर्षांपूर्वीचे पुस्तक क्षणात पाहता येते.

एवढे ऐश्वर्य हाती असताना मुलांच्या प्रकल्पवहीत काय उतरते? एक चित्र, एक उतारा आणि भोवती स्केचपेनची नक्षी! पूर्वी मुले गाइडातून उतरवून काढीत, आता छापून चिकटवितात. साधन बदलले, रीत तीच राहिली. अस्सल कागद हा साक्षीदार असतो, निवाडा नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी करावयाची असते, हे मात्र त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते.

उलटतपासणी म्हणजे काही अवघड शास्त्र नाही. कर्जतच्या मुलाला आपल्या गावाची माहिती शोधावयास सांगा. तो सरळ १८८३ चा कुलाब्याचा खंड उघडील आणि त्यात त्याला कर्जत तालुका सापडणार नाही. तो सापडेल १८८२ च्या ठाण्याच्या खंडात. ‘सर, पुस्तकात चूक आहे’, असे मुलगा म्हणाला की समजावे, खरा तास आता सुरू झाला. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. कुलाब्यात ते १८९१ साली आले, आणि कुलाब्याचा रायगड झाला १९८१ साली. सह्याद्री जागचा हलला नाही, कागदावरच्या रेघा मात्र हलल्या. जिल्हा ही देवाने आखलेली वस्तू नव्हे, एवढे जरी मुलाला उमगले तरी समाजशास्त्राचा अर्धा धडा झाला.

दुसरे उदाहरण खालापुरातले. खोपोलीजवळ, चावणीच्या बाजूला, उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज येथे कोंडली. या प्रसंगाचे वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे. परमानंद महाराजांचा आश्रित कवी. मग त्याचे सारेच खरे मानावे काय? आणि आश्रित म्हणून सारेच टाकून द्यावे काय? याचा निकाल पडद्यावर लागत नाही. मुलांना त्या खिंडीत उभे करावे. दोन्ही बाजूंची चढण, मधली अरुंद वाट आणि झाडी पाहिली की कवीचे अलंकार कोणते आणि पाहणी कोणती, हे मुले आपण होऊन वेगळे करू लागतात. शहरातल्या श्रीमंत शाळेला जे मिळणार नाही, ते येथे एस.टी.च्या तिकिटात मिळते.

तथापि सर्वांत कठीण परीक्षा पुढेच आहे. ठाण्याच्या त्याच खंडात कातकऱ्यांवर मजकूर आहे. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी, ही माहिती तेथे मिळते; आणि त्याच जोडीने दारू, चोरी, हीनपणा असले शेरेही मिळतात. कर्जत-खालापूरच्या वर्गात कातकऱ्यांची मुले बसतात. आपल्या पणज्याविषयी असे लिहिलेले त्या मुलाने पडद्यावर, सगळ्या वर्गादेखत, वाचावे काय?

काही सज्जन म्हणतील, असली पाने मुलांना दाखवूच नयेत. मला हे पटत नाही. पान झाकल्याने शेरा पुसला जात नाही. तो गावात अजून तोंडोतोंडी ऐकू येतो. उलट ते पान उघडावे, पण एकटे उघडू नये. त्याच्या शेजारी १८७८ चा जंगल कायदा ठेवावा आणि मुलांना विचारावे: हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? ज्याच्याविषयी लिहिले, त्याला कोणी विचारले होते काय? ज्या राज्याने रान बंद केले, त्याच राज्याच्या लेखणीने रानातल्या माणसाला चोर म्हटले, हे दोन कागद शेजारी ठेवल्यावाचून दिसत नाही. एकटा कागद मुलाला खाली मान घालावयास लावतो. दोन कागद त्याला प्रश्न विचारावयास शिकवितात.

आणि तिसरा कागद तर अजून लिहिलाच गेलेला नाही. तो वाडीवरच्या म्हातारीच्या तोंडी आहे. तिचे बोलणे मुलांनी उतरवून घ्यावे, तारीख घालावी, सांगणारीचे नाव, तिची हरकत नसेल तर, लिहावे. राजवाड्यांनी याहून वेगळे काय केले?

दोष केवळ शिक्षकांचा आहे असे मी म्हणणार नाही. अभ्यासक्रम संपविण्याची घाई, इंग्रजी मजकुराची अडचण, हे सारे खरेच आहे. पण वर्षातून चार कागद नीट वाचले तरी पुरे. चाळीस चिकटविण्यात काही अर्थ नाही.

दिवाळी उलटली की यांतली कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात आणि वर्गातली जागा रिकामी पडते. त्या मुलाचे नाव उद्याच्या इतिहासात कोणी, कसे लिहावे, हे आज त्या वर्गात उरलेल्या मुलांच्या वाचनावर अवलंबून आहे.