वसाहतकालीन व्हर्जिनिया आणि एडमंड मॉर्गन ह्यांची उपपत्ती

‘वसाहतकाल’ हा शब्द आपण आपल्या इतिहासाविषयी बोलताना ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थाने तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या इतिहासास लावता येत नाही, ही गोष्ट अभ्यासकाने प्रथमच ध्यानात घ्यावयास हवी. आपल्याकडे वसाहतकाल म्हणजे दीर्घ इतिहासाच्या एका टप्प्यावर आलेला परकी अंमल. ज्यांनी तो अंमल बसविला ते निघून गेले. ज्यांच्यावर तो बसला ते स्वतंत्र झाले. अमेरिकेत वसाहत करणारे आणि पुढे स्वतंत्र राष्ट्र म्हणून उभे राहिलेले लोक एकच होत. म्हणून तेथे वसाहतकाल हाच राष्ट्राचा ‘आरंभकाल’ ठरला, आणि त्यापूर्वी हजारो वर्षे त्या भूमीवर नांदत असलेले समाज त्या आरंभाच्या दाराबाहेर राहिले. मराठीत वस्ती करणे आणि परकी सत्ता गाजविणे ह्या दोन्ही कल्पना ‘वसाहत’ ह्या एकाच शब्दाच्या आश्रयाने वावरतात. त्यामुळे हा भेद आपल्या वाचकाच्या नजरेतून अधिकच सहज निसटतो.

आरंभ एकदा असा ठरला की त्याचा शेवटही ठरल्यासारखाच होतो. १६०७ मध्ये जेम्सटाउन वसले, १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला; मधली १६९ वर्षे ही त्या जाहीरनाम्याची तयारी होय, असा समज दृढ होतो. १७७६ मध्ये आणखी १६९ मिळविली म्हणजे आपण १९४५ साली येऊन पोहोचतो. जॉर्ज वॉशिंग्टनचा काळ ही दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीची प्रस्तावना होती असे कोणी म्हटल्यास आपण हसू. परंतु पहिल्या १६९ वर्षांविषयी नेमके असेच विधान दीर्घकाळ गांभीर्याने केले गेले. जॉर्ज बँक्रॉफ्ट ह्यांच्या दहा खंडांच्या इतिहासाचा पहिला खंड १८३४ मध्ये प्रसिद्ध झाला. बँक्रॉफ्ट गटिंगेन येथे शिकलेले पंडित होते, आणि साधनांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. तरी त्यांच्या लेखी वसाहतींचा सारा प्रवास ईश्वरी योजनेने स्वातंत्र्याकडे चाललेला होता. ह्याला पहिला भारदस्त छेद चार्ल्स अँड्रूज ह्यांनी १९३४ ते १९३८ ह्या काळात निघालेल्या आपल्या चार खंडांत दिला. ह्या वसाहती त्या काळी इंग्लंडच्या साम्राज्याचा भाग होत्या, सबब त्यांचा विचार लंडनच्या बाजूनेही करावा, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. जमैका आणि बार्बेडोस ह्याही इंग्रजांच्याच वसाहती होत्या; त्यांनी बंड केले नाही. जिने बंड केले तेवढीच वसाहत अभ्यासनीय, हा निकष इतिहासाचा नव्हे.

प्रस्तुत लेखात परामर्श घ्यावयाचा आहे तो एडमंड मॉर्गन ह्यांच्या ‘अमेरिकन स्लेव्हरी, अमेरिकन फ्रीडम’ ह्या १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा. मॉर्गन (१९१६–२०१३) हे पेरी मिलर ह्यांचे शिष्य. न्यू इंग्लंडातील प्युरिटनांचे कुटुंबजीवन आणि धर्मविचार हा त्यांचा मूळ विषय. असा अभ्यासक व्हर्जिनियातील तंबाखूच्या मळ्यांकडे वळला, ह्याचे कारण त्यांना पडलेला एक प्रश्न. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी चार जण व्हर्जिनियाचे होते, आणि सर्व मानव समान आहेत असे घोषित करणाऱ्या जाहीरनाम्याचा लेखक जेफर्सन हाही तेथलाच. त्याच व्हर्जिनियात १७९० च्या शिरगणतीनुसार सुमारे २,९२,००० गुलाम होते. साऱ्या राष्ट्रात मिळून ही संख्या सुमारे ६,९७,००० होती. स्वातंत्र्याचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते आणि गुलामांचे सर्वांत मोठे मालक एकाच प्रांतातून, किंबहुना एकाच घरांतून, कसे निघाले? ही विसंगती दांभिकतेचे नाव देऊन निकालात काढता येते. मॉर्गन तसे करीत नाहीत, आणि ग्रंथाचे मोठेपण येथूनच सुरू होते.

त्यांचे प्रतिपादन थोडक्यात पाहू. व्हर्जिनियात आरंभी मृत्यूचे थैमान होते. कंपनीने हजारो माणसे पाठविली. परंतु १६२५ मधील गणतीत जेमतेम बाराशेच्या आसपास लोक हयात आढळले. तंबाखूने मात्र मजुरांची भूक वाढविली. ही भूक इंग्लंडातून आलेल्या करारबद्ध चाकरांनी भागविली. प्रवासखर्चाच्या बदल्यात त्यांनी बहुधा चार ते सात वर्षे राबावयाचे, आणि प्रत्येक आणलेल्या माणसामागे पन्नास एकर जमीन मिळावयाची ती खर्च करणाऱ्या मालकाला. जेथे नवागत दोन-चार वर्षांत मरण्याचाच संभव, तेथे आयुष्यभरासाठी अधिक दाम मोजून गुलाम घेण्यापेक्षा काही वर्षांपुरता चाकर घेणे स्वस्त पडे. शतकाच्या मध्यानंतर मृत्यूचे प्रमाण उतरले आणि हिशेब फिरला. गुलामाची खरेदी किफायतशीर होऊ लागली; शिवाय करार संपवून जिवंत बाहेर पडणाऱ्या चाकरांची संख्या वाढली. चांगली जमीन बड्या मळेवाल्यांनी आधीच बळकावलेली. परिणामी अविवाहित, निर्धन आणि बंदूकधारी अशा मोकळ्या पुरुषांचा एक असंतुष्ट वर्ग सरहद्दीवर साचला. १६७० मध्ये मताधिकार भूधारकांपुरता मर्यादित करण्यात आला, ह्यावरून सत्ताधाऱ्यांना ह्या वर्गाचे भय केव्हापासून वाटू लागले होते ते कळते.

१६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकनच्या बंडाने हे भय खरे ठरविले. राज्यपाल विल्यम बर्कली पळाला, सप्टेंबरात जेम्सटाउन जळाले. ऑक्टोबरात बेकन रोगाने मेला. तरी शेवटपर्यंत शस्त्रे न टाकणाऱ्यांत इंग्रज चाकर आणि आफ्रिकी गुलाम एकत्र होते. ह्या दृश्यापासून बोध घेऊन मळेवाल्यांनी पुढल्या तीस वर्षांत दोहोंमध्ये वर्णाची भिंत उभारली, असे मॉर्गन दाखवितात. १६८० मध्ये गुलामांना शस्त्रबंदी झाली. १६९१ मध्ये कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय वा मूळ रहिवासी ह्यांच्याशी विवाह करणाऱ्या गोऱ्यास हद्दपारी आली. १७०५ च्या कायद्याने तर करार संपलेल्या गोऱ्या पुरुष चाकराला धान्य, पैसा आणि बंदूक द्यावयाची, आणि गुलामांची गुरेढोरे जप्त करून विकून ती रक्कम गावच्या गोऱ्या गरिबांवर खर्चावयाची, अशी योजना केली. ह्या शेवटच्या कलमाइतके बोलके साधन क्वचितच मिळेल. गरीब गोरा आता बड्या जमीनदाराच्या पंक्तीला आला. दोघांना जोडणारा धागा एवढाच की दोघेही गुलाम नव्हते. श्रमिकवर्ग बहुतांशी दास्यात जखडलेला असल्यामुळे उरलेल्यांत समतेची भाषा बोलणे निर्धोक झाले. तात्पर्य, व्हर्जिनियातील प्रजासत्ताक स्वातंत्र्य हे गुलामगिरी असूनही वाढले असे नसून काही अंशी तिच्याच आधाराने वाढले.

मराठी वाचकास ह्या प्रश्नाशी काही कर्तव्य नाही, असे म्हणता येणार नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सत्पुरुषांस अर्पण केली. फुल्यांच्या दृष्टीसमोर होती ती बेडी तुटण्याची घटना. ती बेडी घडविली कशी गेली, कोणत्या साली कोणते कलम लिहून, हे मॉर्गन सांगतात. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारी व्यवस्था अनादि नसून ती ज्ञात माणसांनी ज्ञात कारणांसाठी रचलेली असते, हे ज्याला कागदोपत्री पाहावयाचे आहे त्याला व्हर्जिनियासारखे दुसरे क्षेत्र मिळणे कठीण.

आता दोषांकडे वळू. मॉर्गन ह्यांनी १६७६ ह्या वर्षावर जो भार टाकला आहे तो त्या वर्षाला पेलत नाही, असे आमचे मत आहे. एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीचे उदाहरण घ्या. तिची आई आफ्रिकी, बाप इंग्रज. तिला जन्मभर गुलाम म्हणून राबविण्याचा घाट घालण्यात आला, तेव्हा १६५५–५६ मध्ये ती न्यायासनापुढे उभी राहिली. बाप इंग्रज प्रजाजन असल्याने इंग्रजी रिवाजानुसार आपण स्वतंत्र, आपला बाप्तिस्मा झालेला आहे, आणि आपल्या चाकरीची ठरलेली मुदत केव्हाच उलटली आहे, असे तिचे तीन मुद्दे होते. निकाल एकदा उलटला, प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. अखेर ती मुक्त झाली. त्यानंतर काय घडले? १६६२ मध्ये कायदा झाला की अपत्याची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरेल. १६६७ मध्ये दुसरा कायदा झाला की बाप्तिस्म्याने दास्य संपत नाही. ज्या दारांनी एक स्त्री बाहेर पडली ती दोन दारे अकरा वर्षांत बंद झाली, आणि बेकनचे बंड अद्याप नऊ वर्षे दूर होते. ह्याही आधी, १६४३ मध्ये, आफ्रिकी स्त्रिया करपात्र ठरविल्या गेल्या होत्या; इंग्रज स्त्रियांवर तो कर नव्हता. कॅथलीन ब्राउन ह्यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात ह्या स्त्रीविषयक कायद्यांना मध्यवर्ती स्थान दिले, ते योग्यच होय. मॉर्गन ह्यांना हे कायदे ठाऊक नव्हते असे नाही. परंतु त्यांच्या कथेचे नायक बंदूकधारी पुरुष असल्यामुळे आईच्या गर्भावर बसविलेला कायदा त्यांच्या हातून कडेला पडला.

दुसरा पुरावा दफ्तरांतील आहे. जॉन कूम्ब्ज ह्यांनी २०११ मध्ये ‘विल्यम अँड मेरी क्वार्टर्ली’त प्रसिद्ध केलेल्या निबंधात बड्या मळेवाल्यांच्या मालमत्तेच्या नोंदी तपासून दाखविले की हा वर्ग बंडाच्या पुष्कळ आधीपासून गुलामांकडे वळत होता, लहान मळेवाले मागाहून आले. म्हणजे बदल एका धक्क्यासरशी झाला नाही, तो थराथराने झाला. मॉर्गन ह्यांच्या उपपत्तीचा आर्थिक भाग ह्याने मोडत नाही, उलट एका परीने बळकटच होतो. ढासळते ते तिचे नाट्य.

हे नाट्य आले कोठून? आमच्या समजुतीने ते मूळ प्रश्नातूनच आले. जेफर्सनचा व्हर्जिनिया कसा निर्माण झाला, असे विचारून मॉर्गन मागे मागे जातात. बँक्रॉफ्ट ह्यांची ईश्वरी योजना त्यांनी टाकून दिली खरी, पण बँक्रॉफ्ट ह्यांचे मुक्कामाचे ठिकाण मात्र कायम ठेवले. प्रवास १७७६ पर्यंतचाच. फक्त मार्ग काळोखातून जातो. २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १६१९ हे वर्ष राष्ट्राचा खरा आरंभ म्हणून पुढे केले आणि मोठा वाद माजला. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस व्हर्जिनियाचे पहिले विधिमंडळ भरले आणि ऑगस्टच्या अखेरीस वीसएक आफ्रिकी लोक पॉइंट कम्फर्टला उतरविण्यात आले, हा योगायोग लक्षवेधी आहेच. परंतु जन्मसाल कोणते ह्यावर भांडणारे दोन्ही पक्ष जन्म मुळी राष्ट्राचाच झाला असे धरून चालतात. १६१९ मध्ये त्या किनाऱ्यावर राष्ट्र नव्हते. पौहॅटन लोकांच्या मुलखात तग धरू पाहणारे एका व्यापारी कंपनीचे ठाणे होते.

ह्या मुलखाची गोष्ट मॉर्गन ह्यांच्या पहिल्या प्रकरणांत ठसठशीत आहे. पुढे ती विरत जाते. बेकनचे बंड पेटले ते मुळात मूळ रहिवाशांवर चढाई करू देत नाहीत म्हणून, आणि बेकनने ज्यांची कत्तल केली त्यांत वसाहतीशी सख्य राखणारे ऑकानीची व पामंकी लोकही होते. जून १६७६ च्या विधिमंडळाने युद्धात पकडलेल्या मूळ रहिवाशांना जन्मभर गुलाम करण्याची मुभा दिली. मॉर्गन ह्याची दखल घेतात, वर्णद्वेषाचे मूळ येथेही शोधतात; तथापि ज्या बंडाच्या अखेरीस त्यांना गोऱ्या-काळ्या निर्धनांची एकजूट दिसते, त्याच बंडाच्या आरंभी तिसऱ्यांना गुलाम करण्याचा परवाना आहे, ह्याचा पुरता जाब ते आपल्या उपपत्तीला विचारीत नाहीत. पामंकींची राणी कॉकाकोएस्की हिने मे १६७७ मध्ये वसाहतीशी तह केला. त्या तहान्वये द्यावयाची वार्षिक भेट पामंकी लोक अद्यापही दर वर्षी रिचमंड येथे राज्यपालाच्या दारी नेऊन पोहोचवितात. हल्ली ती हरणांच्या रूपात असते. संयुक्त संस्थानांच्या सरकारने ह्या जमातीस मान्यता देण्याचा निर्णय २०१५ मध्ये घेतला, तेव्हा तो तह ३३८ वर्षांचा झाला होता आणि तो पाळण्याची खूण म्हणून हरणे पोहोचविली जातच होती.