पेल एलमध्ये मुरबाडचा तांदूळ शोधताना

बिअर चांगली होती, हे आधीच सांगतो. अंधेरीतल्या एका टॅपरूममध्ये ‘शहापूर-मुरबाडच्या तांदळाची पेल एल’ या नावाने मिळाली. रंग फिकट सोनेरी, फेस पातळ पण टिकणारा. नाकाला आधी संत्र्याची साल आणि मग कच्चा आंबा. घोट हलका, शेवटी नेमका कडवटपणा. उकाड्यात दुसरा ग्लास सहज मागवावा अशी.

फक्त तिच्यात तांदूळ सापडला नाही.

तो असणार, यात शंका नाही. तांदळात स्टार्च भरपूर, पण त्याची साखर करणारी एन्झाइम्स मोड आणून वाळवलेल्या बार्लीत, म्हणजे माल्टमध्ये असतात. म्हणून तांदळाची आधी जवळजवळ पेज करावी लागते आणि मग ती माल्टमध्ये मिसळतात. यीस्ट ती साखर खाऊन टाकतं, मागे चव फारशी उरत नाही. मोठ्या कंपन्या लागरमध्ये तांदूळ घालतात तो याचसाठी: बिअर हलकी व्हावी, तांदूळ कळू नये. ज्याचं कामच गायब होणं आहे, त्याचं नाव इथे मेन्यूवर सगळ्यात मोठं. कोडमध्ये लायब्ररी इम्पोर्ट करायची आणि एकदाही कॉल करायची नाही, तसला प्रकार.

जे नाकाला कळतं ते हॉप्सचं. या वेलीच्या फुलांना थंड हवा आणि उन्हाळ्यात खूप लांब दिवस लागतात. ठाणे जिल्ह्यात ते जमत नाही, त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक हॉप्स परदेशातून येतात. म्हणजे वास अमेरिकेचा, नाव मुरबाडचं. हॉप्स निम्मे केले असते, तांदूळ कोंड्यासकट भाजून घातला असता, तर भाकरी शेकतानाचा वास तरी आला असता. मी तांदळाची जात विचारली. उत्तर मिळालं, “ऑर्गॅनिक आहे, सर.” शेजारच्या वाडा तालुक्यातल्या कोलमला २०२१ साली जीआय मानांकन मिळालं. त्या पट्ट्यातला शेतकरी जातीचं नाव विसरत नाही. मेन्यू विसरतो.

खरं तर या ग्लासात शहापूर आहेच, फक्त त्याची जाहिरात कोणी करत नाही. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि मुंबईचं बरंचसं पाणी शहापूर तालुक्यातून येतं. तानसाचं धरण १८९२ साली झालं, भातसा नंतर आलं. ब्रुअर ते पाणी गाळतो, त्यात क्षार घालतो, पण पाणी तिथलंच. एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. या अर्थाने मुंबईत बनलेली साधी लागरही ‘लोकल’च म्हणायला हवी.

आणि मोह? ठाकूर, कातकरी वस्त्यांमध्ये या भागाचं स्वतःचं पेय होतं, मोहाच्या फुलांचं. त्याचा उग्र-गोड वास कोणाला शोधावा लागत नाही. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची भट्टी मोडली. पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आणली. तानसाचं आणि या कायद्याचं वर्ष एकच. याच इंग्रजांसाठी त्याआधी लंडनच्या हॉजसनची एल जहाजांतून मुंबईत उतरत होती. आपण पितो ती पेल एल त्याच घराण्यातली.

म्हणून पेल एल पिऊ नये, असं मी म्हणत नाही. मी प्यायलो आणि पुन्हा पिईन. पण स्थानिकाची चव दाखवायची, तर ज्या पदार्थाला आवाज आहे तो घ्यावा आणि हॉप्सना थोडं गप्प बसवावं. वाळलेल्या मोहाच्या फुलांना मनुकांसारखा गोडवा असतो. गडद, कमी कडवट, माल्टवर बेतलेल्या एलमध्ये तो दबणार नाही. तशी बिअर कोणी केली आणि मेन्यूवर फुलं वेचणाऱ्यांच्या पाड्याचं नाव लिहिलं, तर मला कळवा. अंधेरीच काय, कल्याणहून एसटीने टोकावडेपर्यंतही येईन.